सिंक पुन्हा पुन्हा तुंबतं, त्यावरची कृती

सिंक तुंबतं, प्लंबर येतो, नळीत स्प्रिंग घालून चार हिसके देतो, पाणी गडगडत जातं आणि घरातले सुटकेचा श्वास सोडतात. महिना-दीड महिन्यात खरकट्या पाण्याचं तळं पुन्हा हजर. मग कुणी भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर खापर फोडतं, कुणी बिल्डरवर, कुणी महापालिकेच्या पाण्यावर. खरी गोष्ट साधी असते. पहिल्या वेळी तुंबलेलं निघालेलंच नसतं. स्प्रिंगने साचलेल्या थराच्या मधोमध एक भोक पाडलेलं असतं. पाणी जायला तेवढं पुरतं, पण नळीच्या भिंतीला चिकटलेला थर जागच्या जागी राहतो. पुढचा भाताचा कण, पुढचा चहाचा चोथा त्याच थरावर येऊन बसतो आणि भोक बुजायला फार दिवस लागत नाहीत.

म्हणून ही कृती सिंक एकदा मोकळं करण्यापुरती नाही. थर कुठे आहे, कशाचा आहे आणि तो तिथेच का बसतो, हे शोधून त्याची जागा मोडण्याची ही कृती आहे. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास काढले तर बहुतेक घरांत ती स्वतः करता येते.

तुंबतं ते कशामुळे

आपल्याकडच्या सिंकला वर तीन-चार इंचांचं तोंड असतं आणि खाली सव्वा ते दीड इंचाची नळी. जुन्या घरांत भांडी मोरीत घासली जात. मोरीचं तोंड रुंद, गटार उघडं, आणि ताटातलं खरकटं आधीच वेगळ्या भांड्यात काढून गुराढोरांना घातलेलं. आता तेच जेवण, तीच भांडी, पण वाट सव्वा इंचाची.

या वाटेवर तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली स्निग्ध पदार्थांची. तूप, लोणी, वनस्पती तूप हे साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात. म्हणजे कढईतून पातळ होऊन गेलेलं तूप ओट्याखालच्या थंड नळीत पोचेपर्यंत गोठायला लागतं. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे कोकणातल्या घरात मे महिन्यात न दिसणारी अडचण पुण्या-नाशिकच्या थंडीत दिसते. शेंगदाण्याचं तेल आपल्या थंडीत सहसा पातळच राहतं, पण पीठ आणि साबण यांना धरून भिंतीला चिकटतं. बोअरचं जड पाणी असेल तर पाण्यातल्या कॅल्शियमशी तेलातल्या स्निग्धाम्लांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा, मेणचट थर तयार होतो. तो नुसत्या पाण्याने हलत नाही.

दुसरी गोष्ट पिठाची आणि कणांची. कणकेची परात, इडलीच्या पिठाचं भांडं, भाताची पेज, साबुदाणा, पोहे, चहाचा चोथा, नारळाचा चव, पालेभाजीच्या मुळांची माती. पिष्टमय पदार्थ फुगून चिकट होतात, आणि चोथा व माती तळाशी बसतात.

तिसरी गोष्ट नळीच्या आकाराची. बहुतेक घरांत सिंकखाली वळ्यावळ्यांची लवचीक प्लास्टिक नळी असते. ती स्वस्त, कशीही वाकणारी, आणि म्हणूनच प्रत्येक वळीत थोडा मळ धरून ठेवणारी. ती मध्येच झोळीसारखी लोंबत असेल तर त्या झोळीत पाणी कायम उभं राहतं आणि जड कण तिथेच तळ धरतात.

पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. सिंक एका घरात वर्षातून एकदा आणि शेजारच्या घरात दर महिन्याला तुंबतं, तेव्हा तिसऱ्या गोष्टीकडे आधी बघावं.

साहित्य

दोन बादल्या, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, टॉर्च, जुनी वर्तमानपत्रं, जुनी फडकी, रबरी प्लंजर, बाटली घासायचा लांब ब्रश, प्लंबरकडे असते तशी तारेची स्प्रिंग (हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा फुटांची मिळते), भांडी घासायचं लिक्विड, जुन्याच्या मापाचे नवे रबरी वॉशर. सिंकखालची लवचीक नळी जुनी असेल तर नवीही आणून ठेवा. धुवून वापरण्यापेक्षा बदललेली बरी.

कृती

१. आधी जागा शोधा. काहीही ओतण्यापूर्वी सिंकखालचं कपाट रिकामं करा आणि टॉर्च घेऊन बघा. नळी कुठून निघते, कुठे जाते, नहाणी ट्रॅप (जमिनीतलं जाळीचं तोंड, ज्यात नळीचं पाणी पडतं) कुठे आहे, ते समजून घ्या. मग थोडं पाणी सोडून लक्षणं ओळखा.

- सिंकमध्ये पाणी उभं, पण खालचा नहाणी ट्रॅप शांत. अडथळा सिंकच्या जाळीत, कपलिंगमध्ये (सिंकच्या तोंडाला नळी जोडणाऱ्या भागात) किंवा नळीत आहे. हे सगळ्यात सोपं.
- सिंकमधलं पाणी जातं, पण नहाणी ट्रॅपमधून वर येऊन जमिनीवर पसरतं. अडथळा ट्रॅपमध्ये किंवा ट्रॅपपासून डक्टपर्यंतच्या आडव्या पाइपात आहे.
- तुम्ही नळ सोडलेलाच नाही आणि तरी ट्रॅपमधून पाणी वर येतं. हे वरच्या मजल्यांचं पाणी. अडथळा इमारतीच्या उभ्या पाइपात किंवा खालच्या चेंबरमध्ये आहे. इथे घरातले उपाय थांबवा आणि सोसायटीला कळवा.
- पाणी जातं, पण गुळगुळ आवाज करत, थांबून थांबून. अडथळा अर्धवट आहे, किंवा नळीत हवा कोंडते आहे.

सिंक कोणत्या तारखेला तुंबलं हे कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून लिहायला सुरुवात करा. दोन तारखांमधलं अंतर पुढे फार उपयोगी पडतं.

२. आधी काही ओतलं असेल तर थांबा. सिंकमध्ये कुणी नाली साफ करायची पूड किंवा ॲसिड टाकलं असेल आणि पाणी उभं असेल, तर प्लंजर मारू नका, नळीही खोलू नका. ते पाणी डोळ्यांत किंवा हातावर उडालं तर भाजतं. घरातल्या सर्वांना सांगून ठेवा, आणि प्लंबर बोलावलात तर त्यालाही पहिल्यांदा हेच सांगा.

३. प्लंजर नीट मारा. सिंकमध्ये तीन-चार इंच पाणी राहू द्या, जास्तीचं उपसून काढा. प्लंजरची वाटी पाण्यात पूर्ण बुडाली पाहिजे, कारण हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, आणि धक्का पाण्यातूनच नीट पोचतो. सिंक जोडसिंक असेल तर दुसरं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. कडेला जादा पाणी जाण्याचं भोक असेल तेही बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. वाटी तिरकी बुडवून आतली हवा जाऊ द्या, मग सरळ धरून पंधरा-वीस वेळा वर-खाली करा. दाबण्याइतकाच जोर ओढतानाही द्या. ओढण्यानेच गठ्ठा सुटतो.

नळीचं दुसरं टोक नहाणी ट्रॅपमध्ये नुसतं खोचलेलं असतं. म्हणून तिथे फडकं टाकून ठेवा, नाहीतर घाण कपाटात उडते. अडथळा ट्रॅपच्या पुढे असेल तर सिंकवर प्लंजर मारून उपयोग नाही. जाळी काढून थेट ट्रॅपवर मारा.

पाणी गेलं तरी इथे थांबू नका. सिंक पुन्हा तुंबतं ते इथेच थांबल्यामुळे.

४. नळी खोला. नळीखाली बादली ठेवा. कपलिंगखालची चकती हाताने फिरवून सोडवा, नळी काढा आणि आतलं सगळं बादलीत पडू द्या. हे पाणी बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. वर्तमानपत्रावर ओतून गाळ वेगळा काढा. कपलिंगच्या जाळीखालचा भाग ब्रशने घासा. वरून दिसत नाही, पण सर्वांत जाड थर बहुधा तिथेच असतो. बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर त्याचं खालचं भांडं फिरवून काढा आणि धुवा.

नंतर नहाणी ट्रॅप. वरची जाळी काढा. आतला कप किंवा टोपी काढता येत असेल तर काढा, आणि तळाचा गाळ हाताने किंवा जुन्या चमच्याने उपसा. हे करताना कप फेकून देण्याचा मोह होतो, कारण तो नसला की पाणी भराभर जातं. पण त्या कपामुळे ट्रॅपमध्ये पाणी साचून राहतं, आणि ते साचलेलं पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. तो परत बसवा.

ट्रॅपपासून पुढच्या आडव्या पाइपात स्प्रिंग घालायची तर नुसती ढकलू नका. फिरवत फिरवत पुढे न्या, अडली की जागेवर फिरवा, आणि बाहेर काढताना प्रत्येक हातभर तार वर्तमानपत्राने पुसून घ्या. तारेवरचा मळ पाहिल्याशिवाय पुसू नका.

५. बाहेर काय आलं ते बघा. प्लंबर गाळ गुंडाळून फेकून देतो. तुम्ही तसं करू नका. घरातली कोणती सवय बदलायची ते या गाळावरून कळतं.

- पांढरट किंवा राखाडी, मेणचट गोळे: तेल-तूप. कढया, तव्यावरचं तेल, साय लागलेली भांडी तशीच धुतली जातात.
- काळपट, रवाळ गाळ: चहाचा चोथा, कॉफी, भाज्यांची माती.
- चिकट, आंबूस लगदा: कणीक, डोसा-इडलीचं पीठ, भात.
- धाग्यांचा गुंता: काथ्याची किंवा तारेची घासणी, शेवग्याच्या शेंगेचे धागे, कोथिंबिरीच्या काड्या. धागे थोडे असले तरी बाकीचा मळ अडवून धरतात.
- प्लास्टिकचा तुकडा: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, मसाल्याच्या पुडीचं टोक, बाटलीचं झाकण. हा एकटाच महिनोन्‌महिने त्रास देऊ शकतो. आडवा झाला की तुंबतं, उभा झाला की पाणी जातं. कधी तुंबतं, कधी आपोआप सुटतं, असं होत असेल तर हाच संशय आधी घ्या.
- पांढरी, खडूसारखी खपली: जड पाण्याचे क्षार आणि साबण.

६. भिंतीवरचा थर काढा. सगळं परत जोडून झालं की कपलिंगमध्ये दोन-तीन चमचे भांडी घासायचं लिक्विड सोडा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग सिंकचं तोंड बंद करून ते गरम पाण्याने अर्धं भरा आणि एकदम सोडा. असं दोनदा करा. बारीक धारेने तासभर पाणी सोडण्यापेक्षा एकदम सुटलेलं अर्धं सिंक जास्त काम करतं, कारण नळी भरून वाहते आणि पाण्याला वेग मिळतो.

पाणी आंघोळीच्या पाण्यापेक्षा जास्त गरम हवं, पण उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्याच्या तापमानाला पोचण्याआधीच मऊ पडतो, वाकतो, आणि सांधे ढिले होतात. साधारण ६० अंश पुरे. लिक्विडशिवाय नुसतं गरम पाणी मात्र टाकू नका. ते तूप वितळवतं आणि चार हात पुढे नेऊन थंड पाइपात गोठवतं. अडथळा तुमच्या हातापासून लांब जातो, एवढाच फरक.

खायचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतं, दिसायला छान, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि मागे उरतं बहुतांशी खारट पाणी. वास थोडा कमी होतो, तुपाचा थर जात नाही. बाजारातल्या पांढऱ्या पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो तेलाचा साबण करतो हे खरं, पण तो साबण पुरेशा पाण्याने वाहून गेला नाही तर पुढे घट्ट होऊन बसतो. पूड वापरायचीच तर पाणी वाहतं असताना, पाकिटावरच्या प्रमाणातच, हातमोजे आणि चष्मा घालून, खिडकी उघडी ठेवून. उभ्या पाण्यात कधीच नाही. फरशीचं ॲसिड सिंकमध्ये ओतू नका. ते तेल विरघळवत नाही, उलट स्टीलवर डाग आणि खड्डे पाडतं. आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

७. नळीची मांडणी सुधारा. वारंवार तुंबणाऱ्या सिंकचा खरा इलाज बहुतेकदा इथे असतो.

- लवचीक नळी जादा लांब असेल तर कापून आखूड करा. ती सिंकपासून ट्रॅपपर्यंत सतत उतरती दिसली पाहिजे, मध्ये कुठेही झोळी नको.
- नळीचं टोक ट्रॅपच्या तळाला टेकलेलं असेल तर वर उचला. टेकलेल्या टोकातून पाणी कसंबसं निघतं, गाळ निघत नाही.
- सिंकखाली बाटली ट्रॅप आणि पुढे पुन्हा नहाणी ट्रॅप, असे दोन एकामागोमाग असतील तर मधली हवा कोंडते आणि पाणी अडखळतं. प्लंबरला विचारून एकच ठेवा.
- पाणी शुद्ध करायच्या यंत्राची नळी, वॉशिंग मशिनची नळी, एसीच्या पाण्याची नळी, सगळ्या एकाच ट्रॅपमध्ये कोंबलेल्या असतील तर ट्रॅपचं तोंडच बुजतं. त्यांना वेगळी वाट करून द्या.
- स्वयंपाकघर नव्याने करत असाल तर वळ्यांच्या नळीऐवजी आतून गुळगुळीत, कडक पीव्हीसी पाइप घ्या, किमान दीड इंची. आडव्या पाइपाला साधारण ४० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर उतार ठेवा, आणि जिथे पाइप वळतो तिथे उघडता येणारं झाकण बसवा. फरशी फोडण्यापेक्षा ते झाकण केव्हाही स्वस्त.

८. सिंकच्या वरची शिस्त. खाली कितीही सुधारलं तरी वरून येणारं कमी झालं नाही तर थर पुन्हा धरणारच. नियम तीनच.

*पुसा.* कढई, तवा, तुपाची वाटी, साय लागलेलं पातेलं पाण्याखाली धरण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्या. दिवाळीत फराळाचं तळण असतं तेव्हा हे विसरून चालत नाही. तळून उरलेलं तेल थंड झाल्यावर बाटलीत भरा. फेकायचंच असेल तर कागदात किंवा भुशात जिरवून कचऱ्यात टाका, सिंकमध्ये थेंबभरही नको.

*गाळा.* कपलिंगच्या जाळीवर आणखी एक बारीक छिद्रांची, उचलता येणारी स्टीलची वाटी बसवा. कपलिंगची स्वतःची जाळी साबुदाणा आणि चहाचा चोथा सहज सोडते. ही वाटी भरली की भांडी घासणारी व्यक्ती वैतागून ती काढून ठेवते आणि खरकटं पाण्याच्या जोराने खाली ढकलते. म्हणून वाटीबरोबर सिंकशेजारी ओल्या कचऱ्याचा डबाही हवा, हात पोचेल एवढ्या अंतरावर. मावशींना बोल लावण्याआधी डबा कुठे आहे ते बघा. तो गॅलरीत असेल तर दोष त्यांचा नाही.

*टाका.* चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, ताटातलं उरलेलं, भाज्यांची देठं, सगळं ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीत. कणकेच्या परातीला चिकटलेलं पीठ ओलं करण्याआधी खरवडून घ्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता ठेवा. म्हणजे तो सिंकमध्ये जात नाही आणि पिशवीबरोबरच पुनर्वापरासाठी जातो.

९. वेळापत्रक. रोज रात्री भांडी झाल्यावर वाटी रिकामी करून घासा. आठवड्यातून एकदा लिक्विड आणि गरम पाण्याने भरलेलं अर्धं सिंक सोडा. महिन्यातून एकदा नहाणी ट्रॅप उपसा. थंडी सुरू होताना आणि दिवाळीनंतर एकदा नळी काढून बघा. कुटुंब मोठं असेल किंवा घरून डबे देण्याचा व्यवसाय असेल तर ही अंतरं निम्मी करा. डब्यांच्या व्यवसायात सिंकखाली तेल अडवणारी पेटी बसवणं फायद्याचं. तिच्यात पाणी थांबतं, तेल वर तरंगतं, आणि ते ठरलेल्या दिवशी काढून टाकता येतं.

१०. इमारतीचं काम इमारतीचं. खालच्या मजल्यावरच्या घरात सिंक वारंवार तुंबत असेल तर ते बऱ्याचदा वरच्या सर्वांच्या तेलाचं एकत्र ओझं असतं. गटारात तेल साचत गेलं तर काय होतं, याचं टोक लंडनने २०१७ साली पाहिलं. व्हाइटचॅपल भागातल्या गटारात सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा चरबीचा घट्ट गठ्ठा सापडला. आपल्या सोसायटीच्या चेंबरमध्ये तो बादलीभर असतो, पण तयार तसाच होतो.

सोसायटीने स्वयंपाकघराचे उभे पाइप आणि खालचे गली ट्रॅप पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर साफ करून घ्यावेत, आणि ते काम दाबाच्या पाण्याच्या यंत्राने करावं. चेंबरमध्ये माणूस उतरवू नये. आत साचलेला वायू काही क्षणांत बेशुद्ध करतो, आणि संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणसाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कंत्राटदार म्हणतो म्हणून जबाबदारी संपत नाही.

प्लंबरला बोलावताना

वरचं सगळं करूनही सिंक तुंबत असेल तर कपाटाच्या दारावरच्या तारखा वाचा. सवयी बदलल्यावर दोन तारखांमधलं अंतर वाढत गेलं असेल तर दोष वरून येणाऱ्या मळाचा होता, तेच चालू ठेवा. अंतर बदललंच नाही तर दोष पाइपात आहे: उलटा उतार, मध्येच खचलेला सांधा, किंवा बांधकामाच्या वेळी आत गेलेलं सिमेंट.

मग प्लंबरला फोन करून नुसतं “सिंक तुंबलंय” म्हणू नका, कारण त्यावर तो स्प्रिंग घेऊनच येईल. त्याला तीन गोष्टी सांगा: पाणी नेमकं कुठून वर येतं, किती दिवसांनी येतं, आणि मागच्या वेळी गाळात काय निघालं. आणि विचारा: “आडव्या पाइपाचा उतार बघाल का, आणि वळणावर झाकण बसवून द्याल का?” हे काम महाग पडतं, पण दर महिन्याच्या स्प्रिंगचा हिशेब मांडून बघितलात तर त्यातच ते बसून जाईल.